महाधनेशाच्या चित्रामागे फारसी अक्षरं का आहेत?

रानवाट
नमस्कार मंडळी, मी पक्षी बघणारा माणूस, चित्रांतलं फारसं कळत नाही. दोडामार्गच्या रानात महाधनेश बघून आलो आणि त्याची जुनी चित्रं शोधत बसलो, तर न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमच्या साइटवर जहांगीरच्या दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूर याचा महाधनेश सापडला. १६१५ ते २० च्या सुमाराचा, चोचीवरच्या टोपणासकट, असा काढलाय की बघतच राहिलो. पण त्याच पानाच्या मागे फारसी अक्षरं आहेत आणि लिहिणारा मीर अली, काळ १५४० च्या आसपास. म्हणजे चित्राच्या पाऊणशे वर्षं आधीच मजकूर लिहून तयार? तो या पक्ष्याबद्दल आहे का?

शाईदौत
पक्ष्याबद्दल नाहीये. ते एक पान दिसत असलं तरी मुळात वेगवेगळे कागद एकत्र चिकटवलेत, एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला सुलेखन, आणि भोवती वेलबुट्टीचा समास नंतर जोडलेला. अशा संग्रहाला मुरक्का म्हणतात. शब्दाचा अर्थ ठिगळं लावलेला, सुफी फकिरांचा ठिगळांचा अंगरखा असतो ना, त्यालाही हाच शब्द. आपली गोधडी डोळ्यासमोर आणा म्हणजे लगेच कळेल. मुरक्का उघडला की चित्रासमोर चित्र यायचं, पान उलटलं की अक्षरांसमोर अक्षरं, त्यामुळे तुमच्या धनेशाचा जोडीदार म्हणजे समोरच्या पानावरचं चित्र, मागचा मजकूर नव्हे. चित्राभोवती कवितेच्या बारीक पट्ट्या चिकटवलेल्या दिसतात त्यांचाही बहुतेक वेळा चित्राशी संबंध नसतो.

नस्तालीकप्रेमी
मीर अलीबद्दल थोडं, कारण त्याच्याबद्दल वाचल्यापासून मला ती पानं नुसती सुंदर म्हणून बघताच येत नाहीत. हा हेरातचा, म्हणजे आताच्या अफगाणिस्तानातला. उझबेकांनी हेरात घेतलं आणि त्याला बुखाऱ्याला (आताचं उझबेकिस्तान) नेलं, तिथे दरबारात लिहायला ठेवला, परत सोडलं नाही. त्याच्या नावावरच्या एका कवितेत तो म्हणतो की ही आपत्ती सुंदर अक्षरामुळेच ओढवली, अक्षर माझ्या पायातली बेडी झालंय. अहो अख्खं आयुष्य बोरू घासून कमावलेलं अक्षर आणि त्यापायीच अडकला! तो हिंदुस्थानात कधी आला नाही, पण जहांगीर आणि शाहजहाननी त्याची पानं जमवली, सोन्याच्या समासात बसवली. मुघल दरबारात सुलेखनाचा मान चित्रकलेच्या वरचा होता, अकबराने काश्मीरच्या मुहम्मद हुसेनला जरीनकलम म्हणजे सोनेरी लेखणी असा किताब दिला होता.

या पानांवर तिरक्या चार ओळी दिसल्या तर त्या प्रकाराला चलीपा म्हणतात, आणि सही बहुतेक खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या त्रिकोणात, फकीर मीर अली अशी नम्रपणे केलेली. लिपी नस्तालीक, म्हणजे फारसी लिहिण्याची तिरकी, लपेटदार शैली.

रानवाट
बेडीचं वाचून गलबलून आलं. मग ही पानं न्यूयॉर्कला कशी पोचली?

शाईदौत
हा संग्रह १९२९ साली कैरोमधल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडला, नंतर केव्होर्कियन नावाच्या व्यापाऱ्याकडे गेला म्हणून केव्होर्कियन अल्बम. एकूण ५० पानं, ४१ मेटमध्ये आणि ९ वॉशिंग्टनच्या फ्रीअर म्युझियममध्ये. एक सांभाळा, त्यातली काही चित्रं एकोणिसाव्या शतकातल्या नकला आहेत, त्यामुळे चित्राखाली दिलेलं साल बघितल्याशिवाय मुघल काळातलं म्हणून शेअर करू नका.

अक्षरवेल्हाळ
एक भर घालते. असं सुलेखनाचं सुटं पान म्हणजे कितअ, तुकडा. आपला कित्ता त्याच शब्दावरून आलाय. लहानपणी आजीने गिरवायला दिलेला कित्ता आणि बादशहाच्या मुरक्क्यातलं पान एकाच नावाचे, हे कळलं त्या दिवशी मी घरात सगळ्यांना सांगत सुटले होते.

आणि रानवाट, फ्रीअरमध्ये जहांगीरच्या मुरक्क्याचं एक पान आहे ते नक्की बघा. त्याच्या समासात पुस्तक बनवणारे कारागीर काढलेत, कोणी कागद घोटतोय, कोणी बांधणी करतोय. मधला मजकूर सोडून मी तासभर समासच बघत होते.

रानवाट
आज रात्रीच बघतो. मन्सूरचे इतर पक्षी कुठे बघायला मिळतील तेही कोणाला माहीत असेल तर टाका.

शाईदौत
तुमच्याच अल्बममध्ये आहेत की, मन्सूरची दोन गिधाडं आणि शिवाय एक नीलगाय. मेटच्या साइटवर मोठे करून फुकट बघता येतात. आणि त्यांच्याही मागची बाजू उघडून बघा.