अडाणीपणावर सगळं ढकलू नका भाऊ
वर एका भाऊने लिहिलंय की खेड्यातले लोक शिकलेले नाहीत म्हणून नवा विचार घेत नाहीत. मला नाही पटत. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या दवाखान्यात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने दाखवून दिलं की डॉक्टरांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुतले तर बाळंतिणी कमी मरतात, तरी बऱ्याच मोठमोठ्या डॉक्टरांनीच विरोध केला, कारण ते मान्य करणं म्हणजे इतक्या बाया आपल्याच हातानं गेल्या हे मान्य करणं होतं, ते कोणाला झेपते सांगा.

आमच्या इकडे निंदणाच्या दिवसात साप चावला की माणसाला आधी मारुतीच्या पारावर मांत्रिकापुढे आणतात, कडुलिंबाचा पाला खाऊ घालतात, कडू लागला तर विष नाही म्हणतात. बरेच साप बिनविषारी, मग माणूस उठून बसतो अन् नाव मांत्रिकाचं होते. दवाखाना दूर, रात्री गाडी नाही, मांत्रिक मात्र गल्लीतच. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात असं दवाखान्यात जाऊ न देता अडवून ठेवणं गुन्हा आहे, पण फिर्याद कोण देणार, तोच मांत्रिक नात्यातला असते, उद्या लग्नात पंगतीला सोबत बसायचं असते.

गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, दिवसा गाव झाडायचे अन् रात्री कीर्तनात नुसते प्रश्न विचारायचे, उत्तर लोकांच्याच तोंडून निघायचं. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर डायरेक्ट मूर्ख म्हणतो, मग समोरचा आणखी घट्ट होतो.