हात नाही, आधी टाच बघा
बर्फाच्या भिंतीवर चढताना दहा मिनिटांत हात भरून येतात, असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं, चूक पायांत आहे. सह्याद्रीच्या कातळावर टाच उचलायची सवय लागते, बर्फावर तीच नडते. टाच वर गेली की क्रॅम्पॉनचे (बुटाखाली बांधायच्या दातेरी सांगाड्याचे) पुढचे दात निसटतात आणि सगळा भार हातांवर येतो. टाच किंचित खाली, लाथ गुडघ्यातून. आईस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) फुगवट्यावर मारू नका, तिथला बर्फ थाळीसारखा फुटून अंगावर येतो. खोलगट जागा शोधा. ॲक्स नीट बसली की ‘ठक्’ असा भरीव आवाज येतो, तो कानाला लगेच कळतो. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा २८ दिवसांचा बेसिक कोर्स मात्र जरूर करा. तोवर टॉप रोपवरच, म्हणजे वरून बांधलेल्या दोरावरच चढा.