मदत हवी आहे: घरी बनवत असलेल्या स्पोर्ट्स कारला नक्की किती एचपीचं इंजिन पुरेल?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस फक्त वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, कारण आता गाडं अडलंय आणि आजूबाजूला जो भेटेल तो वेगळंच सांगतोय.

मी पुण्यात आंबेगाव बुद्रुकला राहतो, भोसरीत एका टूलरूममधे काम करतो, वेल्डिंग आणि लेथचं काम हातातलं आहे. दीड वर्षापासून घरामागच्या पत्र्याच्या शेडमधे दोन सीटची उघडी गाडी बनवतोय, लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीवर, म्हणजे इंजिन पुढे, इंजिन फिरवतं ती चाकं मागची, दारं नाहीत, छप्पर नाही. चासी २५ बाय २५ च्या १६ गेजच्या चौकोनी पाइपची. हा पाइप मीटरला साधारण १.२ किलो भरतो, मी सहा मीटरच्या नऊ नळ्या आणल्या होत्या, थोडा तुकडा उरला, वर ब्रॅकेट आणि प्लेटा चढल्या. मागच्या महिन्यात ओळखीच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली तर ६८ किलो. दोघांनी उचलून टेम्पोत टाकली आणि दोघांनीच उतरवली, त्या दिवशी खरंच खूप बरं वाटलं.

आता प्रश्न इंजिनचा. माझ्यासमोर तीन वाटा आहेत.

एक म्हणजे ओम्नीचं ७९६ सीसी इंजिन, ते गिअरबॉक्स आणि मागच्या अ‍ॅक्सलसकट शेडमधे पडलेलंच आहे, ३५ एचपीच्या आसपास. दुसरी वाट मारुतीचंच १.३, जे व्हर्सात आणि एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनच्या) जिप्सीत यायचं, ८० एचपी आणि १०३ एनएम टॉर्क (म्हणजे पिळाचा जोर), नाहीतर इकोचं १.२, जुनं ७३ एचपीचं. तिसरी वाट मेव्हण्याने काढलीये, त्याच्या मित्राकडे अपघातातल्या जुन्या ऑक्टेव्हिया आरएसचं १.८ टर्बो आहे, १५० एचपी, २१० एनएम, आणि मेव्हणा म्हणतो एवढी मेहनत करतोयस तर दम असलेलं इंजिन टाक, नाहीतर गाडी दिसायला स्पोर्ट्स आणि पळायला रिक्षा होईल. त्याचं हे वाक्य डोक्यातून जात नाहीये.

मी माझ्यापरीने हिशोब केलाय तो सांगतो, चुकला असेल तर बिनधास्त सांगा. गाडी पूर्ण झाल्यावर ५६० किलो धरलीये. सेव्हनसारख्या उघड्या गाडीला हवा फार अडवते, चाकं बाहेर, काच उभी, त्यामुळे ड्रॅग कोइफिशंट (आकार हवेला किती अडतो तो आकडा) गुणिले समोरचं क्षेत्रफळ मी ०.९ चौरस मीटर धरलं. त्यावरून १०० च्या स्पीडला नुसती गाडी त्याच स्पीडला ठेवायला चाकावर साधारण २० एचपी लागतात, १४० ला ४८ च्या घरात आणि १६० ला ७०. म्हणजे १०० वरून १६० ला जायला ताकद साडेतीन पट, कारण हवेला लागणारी ताकद स्पीडच्या घनाने वाढते. हे आकडे बघून मी दोन दिवस गप्पच होतो.

मग टनामागे किती एचपी ते काढलं. मारुती ८०० ला ३७ एचपी आणि वजन साधारण ६५०, म्हणजे टनाला ५७. नव्या स्विफ्टला टनाला ९० च्या आसपास. माझ्या गाडीत ओम्नीचं इंजिन टाकलं तर ६५ च्या आत-बाहेर, १.३ टाकलं तर १४३, टर्बो टाकलं तर अडीचशेच्या वर. आणि कॅटरहॅम ही ब्रिटिश कंपनी, ज्यांच्याकडे १९७३ पासून सेव्हनचे हक्क आहेत, त्यांची १६० नावाची गाडी सुझुकीच्या ६६० सीसी टर्बोवर चालायची, ८० एचपी, वजन ४९० किलो. म्हणजे सुझुकीच्याच ८० एचपीवर ते लोक खरी सेव्हन विकत होते. मूळ १९५७ च्या सेव्हनमधे तर फोर्डचं ११७२ सीसी इंजिन होतं, चाळीसेक एचपीचं.

मला रेस जिंकायची नाहीये. गाडीत बसल्यावर पाठ सीटला टेकली पाहिजे, वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की मागून ढकलल्यासारखं वाटलं पाहिजे, आणि माझी मुलगी शेजारी बसलेली असताना मला गाडीची भीती वाटता कामा नये. एवढ्यासाठी किती एचपी पुरे? इंजिन-गिअरबॉक्सला बजेट ६० हजार आहे, पण त्याच्यासाठी थांबायची तयारी आहे. ज्यांनी असं काही बनवलंय किंवा इंजिन अदलाबदल केलीये त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद:
अभिनंदन मित्रा, चासीपर्यंत पोचणारेच कमी असतात. पण आधी हे सांग, पासिंगचं काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधे आहे त्या गाडीतच मोठा बदल करायला बंदी आहे, आणि घरी बनवलेली नवी गाडी रस्त्यावर आणायची तर नियम १२६ प्रमाणे प्रोटोटाइप चाचणी आली, ती आपल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेत होते आणि एका गाडीसाठी तो खर्च कुणाला झेपत नाही. कात्रज घाटात फिरवायचा विचार असेल तर तो आत्ताच सोड. ट्रॅकवरच चालवायची असेल तर एचपीचं उत्तरसुद्धा बदलतं.

धागाकर्ता:
रस्त्यावर नाहीच काढणार दादा, ते पहिल्या दिवशीच ठरलंय. मित्राच्या शेतावरचा खाजगी रस्ता आणि मोकळं मैदान, आणि वर्षातून एकदा ट्रेलरवर टाकून कोइंबतूरच्या करी ट्रॅकला न्यायची इच्छा आहे, तो २.१ किलोमीटरचाच आहे, त्यामुळे १४० च्या वर जायची वेळ येईल असं वाटत नाही.

प्रतिसाद:
मी गिअरबॉक्स डिझाइनमधे तीस वर्षं काढली, आता रिटायर्ड आहे. तुमचा हवेचा हिशोब बरोबर आहे, पण तीन गोष्टी राहिल्यात.

पहिली, वजनात माणसं धरा. ५६० ची गाडी, दोन माणसं बसली की ७००. हलक्या गाडीत माणूस हा फार मोठा भाग असतो, टनामागे ताकद काढताना तोच विसरला जातो. ८० एचपी भागिले ७०० केलं तर ११४ येतात, १४३ नाही.

दुसरी, कॅटलॉगमधला आकडा समुद्रसपाटीचा. पुणं ५६० मीटरवर आहे, टर्बो नसलेलं इंजिन इथे पाच-सहा टक्के कमीच देतं. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरच्या आसपास, चौदा-पंधरा टक्के जातात. त्यातून गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, क्राउन-पिनियन मिळून पंधरा टक्के खातात. म्हणजे ८० चे पुण्यात ७५ आणि चाकावर ६४. तुमच्या १४० साठी ४८ लागतात, तर हे पुरून उरतं. ओम्नीच्या ३५ चे चाकावर २८ येतील, गाडी ११५ च्या आसपास दमेल, आणि त्याच्या खूप आधीपासूनच ओढ संपलेली असेल.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची, आणि हे तुमच्या मेव्हण्यांनाही वाचायला द्या. ताकद जमिनीवर उतरवतो तो टायर. पहिल्या गिअरला एकूण रेशो, म्हणजे गिअर गुणिले डिफरन्शियल, १५ धरा, म्हणजे इंजिनच्या १५ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा. १०० एनएम गुणिले १५, त्यातून पंधरा टक्के तोटा वजा, भागिले चाकाची त्रिज्या ०.२८ मीटर. साधारण ४६० किलोचा जोर येतो. तुमच्या मागच्या चाकांवर पिकअप घेताना फार तर ३८० किलो वजन असेल आणि साधा टायर कोरड्या डांबरावर त्याच्या ८५ टक्के पकडतो, म्हणजे सव्वातीनशे. पहिल्या गिअरमधे साधं १.३ सुद्धा टायरच्या पकडीपेक्षा जास्त जोर देतंय! दुसऱ्यात रेशो ९ आला की जोर २७५ वर येतो आणि तो सगळा जमिनीत उतरतो, खरी मजा तिथे. आता २१० एनएम घाला. दुसऱ्यात ५८५, तिसऱ्यात ६ च्या रेशोनेसुद्धा ३९०. म्हणजे तिसऱ्यातही चाक जागेवर फिरू शकतं, वळणात, मुलगी शेजारी असताना. उघड्या हलक्या गाडीत चाक जागेवर फिरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल नसतो, तुमचा उजवा पायच काय ते सांभाळणार.

शिवाय ते टर्बो आडवं बसणारं, पुढची चाकं फिरवणाऱ्या गाडीचं. त्याला उभा गिअरबॉक्स जोडायचा म्हणजे अडॅप्टर प्लेट, फ्लायव्हील, क्लच सगळं नव्याने, साठ हजार तिथेच संपतील.

प्रतिसाद:
दादा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आमच्या कॉलेजच्या फॉर्म्युला टीममधे आम्ही केटीएम ३९० चं इंजिन वापरतो. बाइकचं इंजिन का नाही बघत? रॉयल एनफिल्ड ६५० ला ४७ एचपी आहेत, गिअरबॉक्स आतच येतो आणि वजन खूप वाचतं.

प्रतिसाद (गिअरबॉक्सवाले काका):
बाळा, तुमची गाडी केवढी असते ते आठव, तुमच्या नियमात ७१० सीसीची मर्यादा आणि इंजिनची हवा रोखणारा २० मिलिमीटरचा रेस्ट्रिक्टर आहे, ती गाडी त्या हिशोबानेच हलकी बनवतात. इथे दोन माणसांसकट ७०० किलो आहेत. बाइकचा क्लच एवढं वजन रोज सुटायला लावला तर जळून जाईल, रिव्हर्स गिअर नाही, टॉर्क ५२ एनएम. गाडी साडेतीनशे किलोत बसवता आली असती तर मी स्वतः तेच सुचवलं असतं.

प्रतिसाद:
अलिबागला चिंकारा मोटर्सने सेव्हनच्या चालीची रोडस्टर बनवली होती, तिच्यात इसुझूचं १.८ होतं. एकदा जवळून बघायला मिळाली. इंजिनपेक्षा डोळ्यात भरली ती बसायची उंची, बाहेर हात सोडला की जमीन लागते. त्या उंचीवर ८० चा स्पीडसुद्धा खूप वाटतो, हा भाग कुठल्याच हिशोबात येत नाही.

माझ्याकडे एमपीएफआय जिप्सी आहे म्हणून सांगतो, १.३ घेणार असाल तर व्हर्सापेक्षा जिप्सीचं शोधा. व्हर्सा-इकोचं इंजिन सीटखालच्या जागेसाठी मांडलेलं असतं आणि गिअरबॉक्स इंजिनच्या मागे पण गिअरचा दांडा पुढे, ड्रायव्हरजवळ, त्यामुळे लिंकेज उलटं करत बसावं लागेल. जिप्सीचा दांडा थेट गिअरबॉक्सवर उभा आहे, तुमच्या दोन सीटमधल्या बोगद्यात बरोबर हाताशी येईल. आणि जिप्सीचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) वेगळा असतो, मधे छोटा शाफ्ट, तो काढून टाकला की गिअरबॉक्समधून सरळ मागे प्रोपेलर शाफ्ट टाकता येतो. फक्त ट्रान्सफर केसमधे हाय रेंजलाही थोडं रिडक्शन असतं, ते गेलं की गाडीचे गिअर लांब होतात. म्हणून अ‍ॅक्सलचा रेशो बघून घ्या. चाक १०० च्या स्पीडला मिनिटाला साडेनऊशे फेरे मारतं, टॉपला एकूण रेशो ४ असेल तर इंजिन ३८०० वर. तेवढं ठीक आहे.

आणि ब्रेक! ७०० किलो १०० वरून थांबवायला २७० किलोज्यूल जिरवावे लागतात, १४० वरून जवळजवळ दुप्पट. इंजिनचे पैसे वाचले तर ते पुढच्या डिस्कला लावा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचा टायरचा हिशोब मी वहीत उतरवून मेव्हण्याला दाखवला, तो बराच वेळ बघत बसला आणि मग म्हणाला की मित्राला नाही सांगतो.

रविवारी अजून एक गोष्ट केली. चार कोपऱ्यांखाली चार वजनाचे काटे ठेवले, माणसं उभी राहतात तेच, दोन घरचे आणि दोन शेजाऱ्यांचे. प्लायवूडचा खोका जिप्सीच्या इंजिन-गिअरबॉक्सच्या मापाचा बनवून त्यात वाळूची पोती भरली, सीटच्या जागी मी बसलो आणि शेजारी मुलगी. खोका जिथे धरला होता तिथून १२० मिलिमीटर मागे सरकवला तेव्हा मागच्या दोन काट्यांवर मिळून ५० टक्के आलं, आधी ४८ येत होतं. म्हणजे एक एचपीही न वाढवता मागच्या टायरला पकड मिळाली. फायरवॉलचे (इंजिन आणि सीटमधल्या भिंतीचे) दोन पाइप कापून परत लावावे लागतील, ते मी करतो.

तर ८० एचपीचं १.३, जिप्सीचं, हे ठरलं. नाना पेठेत दोघांना सांगून ठेवलंय, भोसरीतही एकाने शब्द टाकलाय. ओम्नीचा अ‍ॅक्सल मात्र साठेक एनएमच्या इंजिनसाठी बनलेला, १०३ ला किती दिवस टिकेल शंका आहे, म्हणून इकोचा टाकायचा विचार आहे. कुणाकडे इकोच्या मागच्या अ‍ॅक्सलचं दोन ड्रममधलं माप असेल, किंवा गाडी उभी असेल आणि टेप लावून मोजता येत असेल, तर तेवढं सांगा, ब्रॅकेट त्याच्यावर अडलीत.