तैवानला आरोग्य संघटनेची खुर्ची: साथ आधी की नाव आधी?

चौकस: दर मे महिन्यात जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेची 'जागतिक आरोग्य सभा' भरते. २०१७ पासून तैवानला तिचं बोलावणंच नाही. २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीत तैपेईचं होपिंग रुग्णालय रुग्ण, डॉक्टर, परिचारिका आत असतानाच सील झालं, आणि जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ यायला कित्येक आठवडे गेले. त्यातून शिकून त्यांनी स्वतःची यंत्रणा उभारली. २०२० च्या अख्ख्या वर्षात कोविडचे मृत्यू दहाच्या आत! अशा देशाला बाहेर बसवणं हा शुद्ध आडमुठेपणा आहे.

बारक्या_नजरेचा: 'देश' म्हणालात, तिथेच घोडं पेंड खातं. १९७१ च्या ठराव २७५८ नुसार संयुक्त राष्ट्रांतली चीनची जागा तैपेईकडून बीजिंगकडे गेली, पुढच्या वर्षी आरोग्य संघटनेतलीही. तरी २००९ ते २०१६ ते 'चायनीज तैपेई' नावाने निरीक्षक म्हणून बसत होतेच की. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मा यिंग-ज्यू यांनी बीजिंगशी जुळवून घेतलं होतं. त्यांच्यानंतरच्या राष्ट्राध्यक्ष त्साई इंग-वेन यांनी 'एक चीन' (चीन आणि तैवान मिळून एकच देश) मान्य केलं नाही, दार बंद. आरोग्यच महत्त्वाचं असेल तर पाटीवरून एवढं का अडायचं?

चौकस: कारण बीजिंगच्या मर्जीने मिळालेली खुर्ची बीजिंगच्या मर्जीनेच जाते. गेलीच ना?

अलिबागकर: दोघांनाही थोडं थांबवतो. तैपेईनेही साथीचं राजकारण केलंच. २०२० मध्ये 'तैवान कॅन हेल्प' (तैवान मदत करू शकतो) म्हणत मास्क वाटले, त्याच वर्षी नव्या पासपोर्टचं रूप जाहीर केलं: 'तैवान' ठळक आणि इंग्रजीतलं अधिकृत नाव 'रिपब्लिक ऑफ चायना' बारीक. २०२१ मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांआधीच स्वदेशी मेडिजेन लसीला मंजुरी, पहिल्या दिवशी टोचून घ्यायला खुद्द त्साई. विरोधकांनी घाईचा आरोप केला तो उगाच नाही. आणि २०२० चे आकडे सांगताना २०२२ चा ओमायक्रॉन विसरू नका, हजारो गेले.

चौकस: लसीसाठी बाहेर मागितलं तेव्हा काय झालं? बायोएनटेक या जर्मन लस कंपनीशी सरकारचा करार फिसकटला. शेवटी टीएसएमसी, फॉक्सकॉन या तैवानी कंपन्या आणि त्झू ची या बौद्ध संस्थेने डोस विकत घेतले. असा अनुभव आल्यावर स्वदेशीचा आग्रह होणारच.

बारक्या_नजरेचा: मान्य. पण तैवानने ३१ डिसेंबर २०१९ ला आरोग्य संघटनेला पाठवलेल्या ईमेलमध्ये माणसाकडून माणसाला लागण होते असं स्पष्ट लिहिलं नव्हतं. नंतर त्याला 'इशारा' म्हणत फिरले.

चौकस: वूहानचे रुग्ण विलगीकरणात ठेवल्याचं लिहिलं होतं. डॉक्टरला तेवढं पुरतं. सभासद असते तर ईमेलच्या शब्दांवर वाद घालत बसावं लागलं नसतं.