संस्थांनी सरकारचं काम करायचं की सरकारला काम करायला लावायचं? (फिल्डवरचा प्रश्न आहे, जरा मोठा आहे)

डोंगरवाट

नमस्कार मंडळी. एमएसडब्ल्यू झाल्यावर सात वर्षं सातपुड्यात एका संस्थेत काम केलं, आता बाहेरून एमए करतेय आणि एक अख्खा पेपर विकासाच्या थिअरी, गव्हर्नन्स (म्हणजे कारभार) आणि सिव्हिल सोसायटीवर (म्हणजे सरकारबाहेरच्या लोकांच्या संस्था-संघटना) आहे. वाचताना सारखं आमचंच काम डोळ्यासमोर येतं आणि झोप लागत नाही, म्हणून इथे विचारतेय.

आम्ही ११ पाड्यांवर पाळणाघरं चालवायचो. तीन वर्षांपर्यंतची मुलं, दिवसातून दोनदा गरम खाणं, महिन्याला वजन. आया निर्धास्त शेतावर जायच्या. मुलांची वजनं खरंच वाढली, काटा मी स्वतः धरलाय त्यामुळे हे कागदावरचं नाही. मग तीन वर्षांची ग्रँट संपली, फंडरने विषय बदलला आणि आम्ही एका दुपारी भांडी, सतरंज्या, वजनकाटे जीपमध्ये भरून निघालो. एक आजी जीपजवळ येऊन विचारत होती की आता उद्यापासून पोरांना कुठे पाठवायचं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या ११ पैकी ४ पाड्यांवर अंगणवाडीच नव्हती. आम्ही होतो म्हणून तीन वर्षांत कोणी मागितलीही नाही, आणि आम्हीही कोणाला मागा म्हणून सांगितलं नाही, कारण ते प्रोजेक्टमध्ये लिहिलेलंच नव्हतं.

तर प्रश्न असा की आम्ही जे केलं ते नक्की काय होतं, विकास की सरकारची सुटका? थिअरीवाले लोक याला काय म्हणतात?

जुनी झोळी

ताई, आधी एक सांगते, मुलांची वजनं वाढली ते वाया गेलेलं नाही, त्या वयात पोटात गेलेलं अन्न आयुष्यभर पुरतं. स्वतःला फार बोल लावू नका.

पण तुमचा प्रश्न बरोबर आहे. माझ्या मते संस्थेने सेवा द्यायला हरकत नाही, पण ती कशासाठी देतोय हे पहिल्या दिवशी ठरलेलं पाहिजे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी सुरू केली, नवजात मृत्युदर हजारी ६२ होता तो तीन वर्षांत २५ च्या आसपास आला, आणि हे सगळं शेजारच्या गावांशी तुलना करून, आकडे मोजून १९९९ मध्ये छापलं. म्हणून २०११ मध्ये ते काम देशभरातल्या आशांच्या कामात गेलं. तिथे सेवा हा पुरावा होता. आपण बहुतेक संस्था सेवा देतो आणि त्याचा अहवाल फंडरला पाठवतो, तिथेच ते संपतं.

दुसरी वाट म्हणजे लोकाधारित देखरेख. २००७ पासून ग्रामीण आरोग्य अभियानात महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत सुरू झाली, पुणे, ठाणे, अमरावती, उस्मानाबाद आणि तुमचा नंदुरबार. मी त्यात काही वर्षं होते. गावातली समिती बसून ठरवायची की नर्सबाई येते का, लसीकरण वेळेवर होतं का, औषध केंद्रातच मिळतं की चिठ्ठी लिहून बाहेर पाठवतात, आणि त्याला हिरवा पिवळा लाल रंग द्यायची. लिहिता न येणारी बाईसुद्धा ठामपणे लाल सांगायची. मग जनसुनावणी. एका केंद्रातल्या सुनावणीत एका बाईने बाळंतपणाला पैसे कसे मागितले ते सगळ्यांसमोर सांगितलं, हात थरथरत होते पण थांबली नाही. दोन आठवड्यांत पैसे परत आले. आणि त्याच सुनावणीत डॉक्टर उठून म्हणाले की तीन महिने औषधंच वरून आलेली नाहीत, मी कुठून देऊ, ते लिहून घ्या. म्हणजे सुनावणी फक्त डॉक्टरच्या विरोधात नसते हो, खालच्या माणसाचं म्हणणं वर पोचवायलाही ती लागते.

यात आम्ही एकही गोळी वाटली नाही. पण लोकांना कळलं की दवाखाना आपला आहे आणि त्याचा जाब विचारता येतो.

पद्मेकाठी

मी मूळचा साताऱ्याचा, पाच वर्षं ढाक्यात होतो कामानिमित्त, तुमच्या थिअरीच्या बाजूने थोडं लिहितो, परीक्षेलाही उपयोगी पडेल.

१९६० च्या सुमारास रोस्टो या अर्थतज्ज्ञाने मांडलं की प्रत्येक देश पाच पायऱ्या चढून श्रीमंत होतो, खाली पारंपरिक समाज आणि वर भरपूर वस्तू वापरणारा समाज. त्यात तुमच्या पाड्यावरची आजी कुठेच नाही. मग लॅटिन अमेरिकेतल्या परावलंबनवाल्यांनी, प्रेबिश, गुंडर फ्रँक वगैरे, उलटा सवाल केला की गरीब देश मागे राहिलेले नाहीत, त्यांना मागे ठेवलंय. मग ८० च्या दशकात कर्जात बुडालेल्या देशांना नाणेनिधी आणि जागतिक बँकेने सांगितलं की सरकारचा खर्च कापा. दवाखाने, शाळा आटल्या आणि ती पोकळी भरायला संस्था आल्या. १९८९ मध्ये जागतिक बँकेनेच आफ्रिकेबद्दलच्या अहवालात गव्हर्नन्सचं संकट असा शब्द वापरला आणि तिथून सुशासन, पारदर्शकता, सिव्हिल सोसायटी हे शब्द प्रत्येक प्रपोजलमध्ये घुसले. ज्याने सरकार बारीक केलं त्यानेच नंतर विचारलं की सरकार नीट का चालत नाही, हे लक्षात ठेवून वाचा म्हणजे बऱ्याच गोष्टी उलगडतील.

तुमच्या अनुभवाला सगळ्यात जवळचा वाटतो तो जेम्स फर्ग्युसन या मानववंशशास्त्रज्ञाचा लेसोथो या आफ्रिकेतल्या छोट्या देशाचा अभ्यास. तिथे डोंगराळ थाबा-त्सेका भागात गुरं आणि शेती सुधारण्याचा मोठा परदेशी प्रकल्प होता, तो शेतीच्या अंगाने फसला. पण फर्ग्युसन म्हणतो की फसला एवढंच बघू नका, तो काय करून गेला ते बघा. गरिबी हा राजकारणाचा प्रश्न होता (तिथले पुरुष पिढ्यानपिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत मजुरीला जात होते), तो तांत्रिक प्रश्न करून टाकला, आणि जाता जाता सरकारी यंत्रणेचा हात त्या डोंगरात पक्का केला. तुमच्याकडे यातलं पहिलं घडलं. अंगणवाडी का नाही हा प्रश्न, तो बाजूला पडला आणि आहारात किती प्रथिनं हा प्रश्न राहिला.

आता दुसरी बाजू, कारण मी संस्थांच्या विरोधात नाही. बांगलादेशात फझले हसन अबेद यांनी १९७२ मध्ये ब्रॅक ही संस्था सुरू केली आणि १९८० पासून दहा वर्षं संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन आयांना जुलाबावरचं मीठ गुळाचं पाणी करायला शिकवत होत्या, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. एक कोटीहून जास्त घरं झाली. मला यातली पगाराची गोष्ट फार मोलाची वाटते. शिकवणारी किती घरं फिरली यावर पगार नव्हता, नंतर दुसरं माणूस जाऊन काही आयांना विचारायचं आणि त्यांना किती आठवतंय त्यावर पैसे. म्हणजे हिशोब आईपाशी होता. संस्था गेली तरी चिमूट आणि मूठ घरातच राहिली ना. ढाक्यात माझ्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना ते अजून येत होतं, त्यांच्या आईकडून शिकलेलं.

शिवारातला

मी ग्रामपंचायत सदस्य आहे, स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आमच्याकडे मागच्या दहा वर्षांत चार संस्था आल्या. प्रत्येकीने आपली समिती केली, पाण्याची वेगळी, पाणलोटाची वेगळी, बायांची वेगळी, प्रत्येक समितीचं वेगळं रजिस्टर, आणि ग्रामसभा मात्र रिकामी. ग्रामसभेला कोरम म्हणजे १५ टक्के किंवा १०० मतदार यातलं जे कमी ते, एवढेही जमत नाहीत, मग सह्या घरोघर फिरवून घेतात, हे चूक आहे आणि यात आमचीही चूक आहे मी नाकारत नाही. पण संस्थेच्या मीटिंगला चहा नाश्ता असतो आणि ग्रामसभेला नसतो हेही खरं आहे. विकास आराखडा आम्ही करायचा, वित्त आयोगाचे पैसे आमच्याकडे, पेसा गावांना (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या) आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट ग्रामसभेला, हे संस्थावाल्यांपैकी कितीजण पाड्यावर सांगतात?

मेंढा लेखा या गावाला मी मुद्दाम गेलो होतो, गडचिरोली, धानोरा तालुका. तिथे मोहन हिराबाई हिरालाल हे कार्यकर्ते वर्षानुवर्षं गावासोबत होते पण निर्णय गावाचा, तोही बहुमताने नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं. अभ्यासगट वेगळा, तिथे बाहेरच्याने माहिती द्यायची, आणि ठरवणार ग्रामसभा. २००९ ला १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि तरी बांबू वाहतुकीचा पास वनखातं देईना, शेवटी २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः येऊन वाहतूक पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात देऊन गेले. संस्थेने असं मागे उभं राहावं, पुढे नाही.

कोरी पाटी

दादांचं पटतं पण पैशाचीही अडचण समजून घ्या. मी एका छोट्या संस्थेचे हिशोब बघते. सीएसआरवाल्यांना (समाजकार्याला पैसे देणाऱ्या कंपन्यांना) दाखवता येईल असं हवं असतं, बेंच, सायकली, किट. ग्रामसभेत लोक बोलायला लागले याचा फोटो काय काढणार? आणि २०२० मध्ये एफसीआरए हा परदेशी देणग्यांचा कायदा बदलल्यापासून मोठ्या संस्थेला आलेला परदेशी पैसा आमच्यासारख्यांना पुढे देता येत नाही, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्के झाली. गावात बसून लोकांशी बोलणारा कार्यकर्ता, त्याचा पगार कुठल्या रकान्यात टाकायचा हेच आमचं रोजचं दुखणं आहे.

जुनी झोळी

डोंगरवाट ताई, त्या ४ पाड्यांबद्दल मघाशी लिहायचं राहिलं, हे महत्त्वाचं आहे. अन्न अधिकाराची जी केस पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेने २००१ ला सुप्रीम कोर्टात टाकली होती, त्यात डिसेंबर २००६ चा आदेश आहे, ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही तिथल्या लोकांनी मागणी केली तर तीन महिन्यांत द्यायची. तुमच्याकडे मुलांची मोजणी असेल ना?

डोंगरवाट

आत्ता जुना लॅपटॉप उघडून बसलेय. आमच्याकडे दर सहा महिन्यांचा सर्व्हे होता, सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचा, वयासकट. एका पाड्यावर ४६, एकावर ५१, एकावर ४०. चौथ्यावर ३३ आहेत, त्याचं काय करायचं कळत नाही. तीन वर्षं हे आकडे माझ्याकडे होते आणि मी ते तिमाही अहवालाच्या तक्त्यात भरून पाठवत राहिले. ही यादी जुनी झाली असेल, मुलं मोठी झाली असतील, तर रविवारी जाऊन त्या आजीच्या पाड्यापासून परत मोजते, यावेळी संस्थेचं नाव न लावता. अर्ज कोणाच्या नावाने करायचा, संस्थेच्या की पालकांच्या?

शिवारातला

पालकांच्या सह्या अंगठ्यांनी करा, सोबत मुलांची यादी. तोच विषय ग्रामसभेत घ्यायला सरपंचांना आधी पत्र द्या आणि ठराव करून घ्या. ३३ वाल्या पाड्याचंही ठरावात घाला, तिथलीही मागणी नोंदली जाईल. अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारखेसकट पोच घ्या, तीन महिने त्या तारखेपासून मोजायचे आहेत.