काचा उघडल्या की गाडीत धुराचा वास वाढतो. शोध कुठून सुरू करावा?

प्रश्न:
आमच्याकडे १९९८ सालची, पेट्रोलवर चालणारी लहान गाडी आहे. गेले दोन महिने पुण्याहून साताऱ्याला जाताना, विशेषतः खंबाटकीचा चढ दुसऱ्या गियरमध्ये चढताना, आत धुराचा वास येतो आणि मागे बसलेल्या आईचे डोके दुखू लागते. नवल असे, की मागच्या काचा खाली केल्यावर वास उलट वाढतो. पीयूसी नुकतीच उत्तीर्ण झाली आहे आणि गॅरेजमध्येही काही आढळले नाही. आता काय तपासावे?

प्रतिसाद १:
डोके दुखणे हलके घेऊ नये. दोष सापडेपर्यंत आईंना या गाडीत बसवू नका. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो, आणि तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे वास गेला म्हणजे धोका टळला, असे मुळीच नाही.

काचांमुळेच माझा संशय डिकीवर जातो. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होऊन धूर तिथेच घोटाळतो. मागच्या काचा उघडल्या की आतली हवा बाहेर ओढली जाते आणि तिची जागा भरायला डिकीच्या फटींतून तो धूर आत शिरतो. रात्री डिकीत प्रखर टॉर्च लावून ठेवा, दार बंद करा आणि उजेड कुठून झिरपतो ते बाहेरून पाहा. दाराच्या रबरावर खडू फासून दार लावले, तर पत्र्यावर जिथे खडू उमटत नाही तिथे रबर टेकत नाही, असे समजावे.

प्रतिसाद २:
फट बुजवली तरी गळती शोधावीच लागेल. मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करून नळीत सोडणाऱ्या भागाच्या) गॅस्केटमधील, म्हणजे सांधा हवाबंद करणाऱ्या पट्टीतील, बारीक फट इंजिन तापल्यावर धातू प्रसरण पावून मिटू शकते, म्हणून तपासणी पहाटेच्या गार इंजिनावर, उघड्या जागेत करावी. सुरू करताच टकटक आवाज येतो का, सांध्यांवर काजळी आहे का, हे पाहा. सहकाऱ्याने जाड ओले फडके सायलेन्सरच्या तोंडाशी क्षणभर धरले, की आतला दाब वाढून गळती फुसफुसते. पीयूसीत नळीच्या टोकाचा धूर मोजतात. मधल्या गळतीबद्दल तिच्यातून काहीच कळत नाही. ब्लोअरने बाहेरची हवा घेताना वास वाढला, तर मात्र इंजिनाकडची बाजू आधी धरा.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. ब्लोअरने बाहेरची हवा घेतल्यावर वास कमी झाला. टॉर्च लावला तेव्हा डाव्या टेललाइटभोवती नखाएवढी उजेडाची कोर दिसली. आतले गॅस्केट वाळून तुकडे झाले होते. मागच्या सायलेन्सरच्या जोडावर, वरच्या अंगाला, काळी काजळी होती. ती बाजू खालून दिसतच नव्हती. दोन्ही बदलून घेतले आहे. आता कार्बन मोनॉक्साइड मोजणारा लहान मीटर मागवला असून, आधी मी एकटाच घाट चढून पाहणार आहे.