मदत हवी आहे: स्वतः छापलेला कथासंग्रह वाचनालयांपर्यंत कसा न्यावा?

नमस्कार मंडळी. ऊसतोड कामगारांवरचा माझा कथासंग्रह स्वखर्चाने काढलाय. ५०० प्रती, १६८ पानं, किंमत २५० रुपये. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आहे (तो आपल्याकडे मोफत मिळतो, नवीन लेखकांनी जरूर घ्यावा).

फेसबुकवर उतारे टाकले, पण ओळखीच्यांनी घेतल्यावर विक्री थांबली. किंडलवर ई-पुस्तकही आहे, पण माझा वाचक छापील पुस्तक हातात घेणारा. एका वितरकाने किमतीच्या निम्मं कमिशन मागितलं, पैसे विक्रीनंतर. प्रतीमागे छपाईच ११० रुपये पडलीय, त्यामुळे ते परवडत नाही. परीक्षणासाठी पाठवलेल्या प्रतींची साधी पोचही आली नाही.

चाललं ते एकच: तालुक्याच्या वाचनालयात केलेलं कथावाचन. लोकांनी तिथेच प्रती घेतल्या आणि ग्रंथपालबाईंनी लगेच दाखल नोंदवहीत नोंद करून पुस्तकावर क्रमांक चिकटवला. म्हणून आता सगळा जोर वाचनालयांवरच द्यायचा आहे. नोकरीमुळे फक्त रविवार मोकळा, प्रवासासकट खर्च दहा हजारांच्या आत बसवायचा आहे. फुकट प्रती वाटायच्या नाहीत.

वाचनालयांत काम केलेल्यांनी किंवा स्वतः पुस्तक विकलेल्यांनी कृपया सांगावं: ‘अ’ आणि ‘ब’ वर्गाची (सरकारी अनुदानासाठीच्या वर्गवारीतली वरची) वाचनालयं लेखकाकडून थेट, साध्या बिलावर पुस्तक घेतात का? किती टक्के सवलत द्यावी लागते? आणि खरेदीसाठी वर्षातल्या कुठल्या महिन्यात त्यांना भेटावं?